नऊ टक्क्यांची पायली

भाच्याला मोटरसायकल घ्यायची होती. बरोबर घरातले कुणीतरी मोठे माणूस असावे म्हणून मी गेलो. शोरूममधल्या मुलाने माहितीपत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर झरझर हिशेब मांडला: कर्ज ९०,०००, व्याज ९ टक्के, मुदत ३ वर्षे, हप्ता ३,१७५. भाचा बी.कॉम. आहे. त्याने मोबाईलवर शाळेतले सूत्र लावून पाहिले. मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत, भागिले शंभर. व्याज आले २४,३००. ते मुद्दलात मिळवून ३६ ने भागले तर बरोबर ३,१७५, एका पैशाचा फरक नाही. "हिशेब चोख आहे मामा," तो म्हणाला आणि पेन शोधू लागला.

हिशेब चोखच होता, फक्त त्या कर्जाचा दर नऊ टक्के नव्हता. तो सव्वासोळा टक्के होता.

शाळेतले सरळव्याज असे धरून चालते की मुद्दल पूर्ण मुदतभर आपल्याकडेच राहते आणि शेवटी एकरकमी परत जाते. हप्त्याच्या कर्जात तसे होत नाही. इथे दर महिन्याला २,५०० रुपये मुद्दल परत जात होते. दीड वर्षात निम्मे फिटलेले असणार, पण व्याजाची आकारणी मात्र पहिल्या दिवसाच्या ९०,००० वरच. अगदी शेवटचा महिना घ्या. शोरूमच्याच हिशेबाने त्या महिन्यात भाच्याकडे कंपनीचे अवघे २,५०० रुपये उरलेले असतील आणि त्यावर एका महिन्याचे व्याज तो भरेल ६७५ रुपये. म्हणजे महिन्याला २७ टक्के. असा दर गावचा सावकारसुद्धा जरा इकडेतिकडे बघून सांगेल.

याला धंद्यात 'फ्लॅट रेट' म्हणतात. दुसरी पद्धत घटत्या शिलकीची. जेवढे देणे उरले तेवढ्यावरच व्याज. घटत्या शिलकीवर ११ टक्क्यांनी तेच ९०,००० तीन वर्षांसाठी घेतले, तर हप्ता साधारण २,९४७ बसतो. म्हणजे 'अकरा टक्क्यां'चे कर्ज 'नऊ टक्क्यां'च्या कर्जापेक्षा सव्वाआठ हजारांनी स्वस्त. त्यात शोरूमने प्रोसेसिंग फीचे २,७०० रुपये आधीच कापून घेतले होते. कर्ज कागदावर ९०,०००, हाती ८७,३००. ती फी हिशेबात धरली की दर जातो १८.४ टक्क्यांवर. नऊचे अठरा झाले आणि त्यात कुणी एक शब्दही खोटा बोलले नाही.

अशी गोष्ट सांगितली की लोक लगेच म्हणतात, आपल्याकडे आर्थिक साक्षरताच नाही हो, शाळेपासून शिकवले पाहिजे. राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राच्या २०१९ च्या पाहणीत देशातले २७ टक्के प्रौढ आर्थिकदृष्ट्या साक्षर ठरले होते. तो आकडा प्रत्येक भाषणात येतो. मग कार्यशाळा होतात, पुस्तिका छापल्या जातात, चक्रवाढ व्याजाला जगातले आठवे आश्चर्य म्हटले जाते. माझा आक्षेप या सगळ्या दिशेलाच आहे. भाच्याला गणित येत नव्हते म्हणून तो फसत नव्हता. त्याला गणित येत होते आणि ते जुळले, म्हणूनच त्याने पेन शोधले. न शिकलेला माणूस निदान बिचकला असता.

शाळेत हे शिकवत नाहीत, हेही खरे नाही. आपल्या राज्य मंडळाच्या पुस्तकांत सरळव्याज आहे, चक्रवाढव्याज आहे, नववी-दहावीच्या गणितात 'अर्थनियोजन' नावाचे प्रकरण आहे, दहावीची मुले जीएसटी आणि शेअर्सची उदाहरणे सोडवतात. जे शिकवत नाहीत ते शिकवणे अवघड आहे, आणि ही अडचण कुणी मोकळेपणाने सांगत नाही. हप्ता, मुदत आणि हाती आलेली रक्कम एवढे माहीत असताना दर काढायचा असेल, तर आकडे भरून उत्तर देईल असे सोपे सूत्रच नाही. एक दर धरून पाहायचा, हप्ता जास्त आला तर दर कमी करायचा, कमी आला तर वाढवायचा, असे चाचपडत जावे लागते. संगणकाला ते क्षणात जमते. शोरूमच्या सोफ्यावर बसलेल्या माणसाला जमत नाही, तो बी.कॉम. असो की गणिताचा प्राध्यापक. ज्याच्याकडे संगणक आहे आणि ज्याला हा आकडा आधीपासून माहीत आहे तो गप्प बसणार, आणि ज्याला तो काढता येणे शक्य नाही त्याला आपण साक्षर हो म्हणून सांगणार. हा कुठला न्याय?

आपल्याकडे हा प्रश्न एकदा सुटलेला आहे, फक्त तो पैशाचा नव्हता, धान्याचा होता. आमच्या जुन्या घरात एक पितळी पायली होती. चार शेरांची पायली हे कोष्टक सगळ्यांना पाठ, पण शेर कुठला? या बाजारपेठेचा की त्या? शेर गावागणिक बदलायचा, त्यामुळे पायलीही बदलायची, आणि ज्वारीचा भाव विचारताना शहाणा माणूस आधी माप बघायचा. १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा झाला, मग हळूहळू किलो आणि लिटर आले. तेव्हा सरकारने शेतकऱ्यांसाठी 'मापन साक्षरता अभियान' काढून देशातले सगळे शेर पाठ करायला लावले नाहीत. विकणाऱ्याला सांगितले, माप हे एकच, यातच विक. आज पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर सर्व करांसह किंमत छापावी लागते, वजन छापावे लागते. नव्वद हजारांचे कर्ज मात्र माहितीपत्रकाच्या पाठीवर, विकणाऱ्याच्या पायलीने.

आणि गंमत म्हणजे मराठीत या एका मापासाठी शब्द आहे, तोही शाळेत प्रत्येकाच्या डोळ्यांखालून गेलेला: द.सा.द.शे. दर साल दर शेकडा. या चार अक्षरांत मुदतही बांधली आहे आणि रक्कमही. पण बाहेर पडलो की ती अक्षरे पुस्तकातच राहतात. गावात कुणी म्हणाला "तीन टक्क्यांनी घेतलेत", तर ते महिन्याचे असतात, सालाचे छत्तीस. बँकेत टक्का म्हणजे सालाचा. शोरूममध्ये टक्का म्हणजे सालाचा, पण कधीच न घटणाऱ्या मुद्दलावरचा. आणि ऑनलाइन खरेदीत 'नो कॉस्ट ईएमआय', म्हणजे टक्काच नाही. शून्य टक्के व्याज ही चीजच अस्तित्वात नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. व्याज असतेच, रोखीने घेणाऱ्याला मिळाली असती ती सूट त्याच्या पोटात जाते, आणि क्रेडिट कार्डावर घेतले तर त्या व्याजावरचा जीएसटी पुन्हा आपणच भरतो.

यावर ठरलेले उत्तर असते, "सही तर तुम्हीच केलीत ना?" या उत्तराला महाराष्ट्रात दीडशे वर्षांचा इतिहास आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरले. त्यांचा सगळ्यात जास्त रोख होता कागदांवर. कर्जरोखे ओढून काढून त्यांनी जाळले. ज्यावर आपला अंगठा आहे पण ज्यातले आपल्याला वाचता येत नाही, तो कागद. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा आला, त्याने कोर्टांना रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार काय झाला हे तपासण्याची मुभा दिली आणि सावकाराला हिशेब देण्याचे बंधन घातले. रोख्यांची नोंद गावच्या निबंधकापुढे करण्याची सोयही त्यात होती. म्हणजे अंगठा आहे एवढ्यावर संमती सिद्ध होत नाही, हे परक्या सरकारलाही पटले होते. आज अंगठ्याच्या जागी ओटीपी आला आहे.

रिझर्व्ह बँकेने मात्र अलीकडे एक चांगले काम केले आहे आणि त्याची चर्चा फारच कमी होते. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांना प्रत्येक नव्या किरकोळ कर्जासोबत, तसेच लहान उद्योगांच्या मुदत कर्जासोबत, एक 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावे लागते. त्यात फी, विमा, इतर खर्च सगळे धरून वार्षिक दर एकाच आकड्यात लिहायचा, तोही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. हेच आपले द.सा.द.शे. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जात हा कागद मिळाल्यावर विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात. त्या तीन दिवसांत त्या अटी कंपनीला बदलता येत नाहीत. तो कागद घेऊन दुसऱ्या बँकेत जाता येते.

भाच्याच्या मोबाईलवरही तो आला होता. एका लिंकमध्ये, इंग्रजीत, बऱ्याच पानांनंतर. "ते फॉर्मॅलिटीचं असतं सर, खाली स्क्रोल करा, ॲक्सेप्ट करा," शोरूममधला मुलगा म्हणाला. आम्ही स्क्रोल केले आणि थांबलो. तिथे १८.४ लिहिले होते. मुलाने फोन हातात घेतला, आकडा पाहिला, परत पाहिला. तो अस्सल गोंधळला होता. त्याने स्वतःची गाडी त्याच योजनेत घेतली होती. विकणारालाच माप माहीत नव्हते. त्याला साक्षर करायला कोणती कार्यशाळा पुरली असती? त्याला वरून एक आकडा मिळाला होता, नऊ, तो तोच बोलत होता.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की माप तयार आहे, ते गल्ल्याखालून काढून गल्ल्यावर ठेवा. कर्जाविषयी जो पहिला आकडा उच्चारला जाईल, पाटीवर, जाहिरातीत, माहितीपत्रकाच्या पाठीवरसुद्धा, तो सर्व खर्चांसहचा द.सा.द.शे. असला पाहिजे. 'फ्लॅट' हा शब्द बाजारातून शेरासारखा गेला पाहिजे. आणि हे बंधन रिझर्व्ह बँकेच्या कुंपणाबाहेरही लागले पाहिजे, कारण खरी अडचण तिथेच आहे.

विम्याचे पाहा. एजंट घरी येतात, ओळखीचेच असतात, बहुधा नात्यातले. "वर्षाला ५०,००० भरा, २० वर्षं. दहा लाख भरले, वीस लाख मिळाले. डबल, आणि वर विमा फुकट." दुप्पट हा शब्द कानाला फार गोड लागतो. पण पहिला हप्ता वीस वर्षे अडकतो आणि शेवटचा एकच वर्ष. हे धरून दर काढला तर तो येतो ६.२ टक्के. एप्रिल २०२० पासून ७.१ टक्क्यांवर थांबलेल्या पीपीएफ या सरकारी बचत योजनेत तेच पैसे तेवढीच वर्षे ठेवले, तर २२ लाखांच्या वर जातात. मधल्या दोन लाखांत साधा मुदतीचा विमा वेगळा घेता येतो की नाही, ते ज्याचे त्याने बघावे. तरुण माणसाला तो चांगलाच घेता येतो. पॉलिसी घेऊच नये असे मी म्हणत नाही. सक्तीने बचत होते म्हणून जाणूनबुजून ६ टक्के पत्करणारे लोक मला माहीत आहेत आणि त्यांचे गणित चुकलेले नाही, त्यांना स्वतःचा स्वभाव कळलेला आहे. पण तो ६ चा आकडा त्यांना कुणी सांगितला नव्हता. कागदावर असतात ते ४ आणि ८ टक्क्यांचे तक्ते, म्हणजे कंपनीच्या गुंतवणुकीवर तेवढा परतावा मिळाला तर काय, याचे. ग्राहक तो आठ आपलाच समजतो.

सराफांच्या 'अकरा हप्ते तुमचे, बारावा आमचा' या योजनांवर फार वेळ घालवत नाही. तिथे द.सा.द.शे. काढले तर भरघोस दिसते, पंधरा टक्क्यांच्याही वर. पण ते पैसे परत मिळत नाहीत, दागिना मिळतो, आणि दागिन्यावर घडणावळ असते. ती कुणी कमीजास्त केली हे कोण तपासणार?

ठेवींची बाजू वेगळी आहे, आणि तिथे माझ्याच युक्तिवादाला भोक पडते. आमच्या तालुक्यात 'नागरी सहकारी पतसंस्था' अशी पाटी असलेल्या प्रत्येक जागेला लोक 'बँक'च म्हणतात. काउंटर तसाच, पासबुक तसेच, शिक्का तसाच. व्याज मात्र बँकेपेक्षा दोन-तीन टक्क्यांनी जास्त, आणि तो दर खरा असतो, अगदी द.सा.द.शे. त्यात काही लपवलेले नसते. लपलेले असते ते दुसरेच. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ प्रत्येक ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत देते. ४ फेब्रुवारी २०२० पर्यंत ही मर्यादा १ लाखच होती. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आल्यानंतर जो आक्रोश झाला, त्यानंतर ती वाढली. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द होईपर्यंत २०२२ उजाडले. इतकी वर्षे लोक हेलपाटे घालत होते, पण निदान त्यांच्या ठेवींना विमा तरी होता. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. ती सहकार खात्याच्या अखत्यारीत येते, रिझर्व्ह बँकेच्या नाही. निवृत्त शिक्षकाने भविष्यनिर्वाह निधीचे वीस लाख जिथे ठेवले, त्या पावतीवर ही ओळ कुठेच नसते.

तेव्हा एका आकड्याने सगळे भागत नाही, हे मला मान्य आहे. किंमत सांगणारा आकडा जोखीम सांगत नाही. म्हणून ठेवीच्या पावतीवर दराच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, 'या ठेवीला ठेव विमा आहे' किंवा 'नाही' हेही छापावे. पतसंस्थावाले म्हणतील, असे छापले तर ठेवी जातील. काही जातीलही. कित्येक पतसंस्था चोख चालतात, त्यांना जवळच्या माणसांचा विश्वास आहे आणि तो टिकेल. जी ठेव केवळ ओळ छापलेली नव्हती म्हणून राहिली होती, ती जायलाच हवी.

आणखी एक आक्षेप मला माझ्याच दाराशी ऐकू आला. आमच्याकडे भाजी आणणाऱ्या मावशी आहेत. पहाटे मार्केट यार्डात माल उचलायला रोख लागते, म्हणून त्या रोज एकाकडून पैसे घेतात. मी माझी सगळी कथा, भाच्याची गाडी, नऊचे अठरा, उत्साहाने त्यांना सांगितली. त्यांनी मेथीच्या जुड्या मोजता मोजता ऐकली.

"तुमचं व्याज किती मावशी?" मी विचारले.

"सकाळी नऊशे घ्यायचे, रातच्याला हजार द्यायचे."

मी मनातल्या मनात वर्षाचा दर काढू लागलो आणि सोडून दिला. चार हजार टक्क्यांच्या पुढे जाणारा आकडा त्यांना सांगून मी काय साधणार होतो? त्यांच्या भाजीवर दिवसाला चार-पाचशे सुटत असतील, तर शंभर गेले तरी बाकीचे उरतात. आणि पहाटे चार वाजता कुठली बँक उघडी असते?

"भाच्याला तुमच्या सांगितलंच नव्हतं व्हय किती ते?" त्यांनी उलट मला विचारले.

"सांगितलं होतं. पण वेगळंच."

"मग आमचा बरा की," त्या म्हणाल्या. "नऊशेला शंभर, तोंडावर सांगतो. मेथी देऊ का दोन जुड्या?"